चमत्कार आणि चोरी

शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड लावून वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात टीममधल्या एका उत्साही पोराने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. दीड मिनिटाचा. मागे पियानो, पुढे ड्रोनमधून दिसणारा समुद्र, मग मैदानात घुसलेली हजारो माणसं, आणि शेवटी पडद्यावर ठळक अक्षरांत: 'छोट्या शहराचा मोठा चमत्कार. स्वप्नं मोठी बघा!' खाली धडाधड अंगठे. मॅनेजरनेही एक टाकला, म्हणजे सोमवारच्या मीटिंगमध्ये हे प्रकरण पुन्हा बघावं लागणार हे नक्की.

क्लबचं नाव त्राब्झोनस्पोर. तुर्कस्तानच्या ईशान्य कोपऱ्यात, काळ्या समुद्राच्या काठावर त्राब्झोन नावाचं शहर आहे, त्याचा फुटबॉल क्लब. आणि 'चमत्कार' हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं.

का ते सांगतो. २०११ साली मी कलोनला ऑनसाइट होतो. शेजारच्या टेबलावरचा गडी जन्माने जर्मन, पण बाप त्राब्झोनचा. गाडीच्या नंबरात ६१, फोनच्या नंबरात ६१. (त्राब्झोनच्या गाड्यांचा तो क्रमांक. त्राब्झोनस्पोरच्या सामन्यात एकसष्टावं मिनिट लागलं की स्टेडियममध्ये वेगळाच दंगा सुरू होतो.) जुलैच्या पहिल्या सोमवारी हा ऑफिसात आला तो कॉम्प्युटर चालू न करताच माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? कप आमचा होता. चोरला."

म्हणजे एका बाजूला आमच्या पोराचा चमत्कार आणि दुसऱ्या बाजूला माझ्या मित्राची चोरी. त्राब्झोनस्पोरचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक या दोनपैकी एक शब्द वापरतात. जिंकले तो चमत्कार, हरले ती चोरी. आजच्या पोस्टमध्ये मला एवढंच म्हणायचं आहे की हे दोन्ही शब्द आळशी आहेत. दोन्हींचं काम एकच: जिंकल्यावर कसे जिंकलो ते बघायला नको, हरल्यावर का हरलो ते बघायला नको.

तर आधी चमत्कार.

तुर्कस्तानची राष्ट्रीय लीग १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून १९७५ पर्यंत दरवर्षी विजेता इस्तंबूलचा. फेनरबाचे, गलातासराय, बेशिक्ताश. नावं आलटून पालटून तीच, शहर एकच. पैसा तिथे, वर्तमानपत्रं तिथे, खेळाडू बनायचं असेल तर जायचं तिथे. मधे एस्किशेहिरस्पोर नावाच्या क्लबने जोर लावला, पण त्यांचीही धाव दुसऱ्या नंबरापर्यंतच.

त्राब्झोनमध्ये फुटबॉल होता, आणि भांडणंही होती. इद्मानोजाअ आणि इद्मानगुजू हे गावातले दोन जुने क्लब, आणि त्यांचं एकमेकांशी असं वैर की अख्खं शहर दोन तटांत विभागलेलं. साठच्या दशकात दुसरी लीग सुरू झाली आणि प्रत्येक शहराने आपले छोटे क्लब एकत्र करून एक मोठा क्लब उभा करावा असं वारं आलं. त्राब्झोनमध्ये हे करताना नाकी नऊ आले. आधीच्या वर्षीचा प्रयत्न भांडणातच फसला. शेवटी २ ऑगस्ट १९६७ ला त्राब्झोनस्पोर जन्माला आला. रंग ठरला गडद लाल आणि निळा. एकाचा पिवळा-लाल नको, दुसऱ्याचा हिरवा-पांढरा नको, म्हणून कुणाचाच नसलेला.

ज्यांनी दोन टीम्सचा कोड एका रिपॉझिटरीत मर्ज केलाय त्यांना यातलं दुखणं कळेल. दोघांनाही आपलं आवडतं काहीतरी सोडावं लागतं. व्हिडिओत हा भाग नव्हता. पियानोवर कमिटीच्या बैठका शोभत नाहीत ना.

१९७४ ला क्लब वरच्या लीगमध्ये आला. १९७५-७६ ला विजेता! वर चढल्यावर दुसऱ्याच हंगामात. इथे थांबलात तर चमत्कार म्हणा, माझी हरकत नाही. पण पुढे बघा. १९७६, १९७७, १९७९, १९८०, १९८१, १९८४. नऊ हंगामांत सहा विजेतेपदं. आणि उरलेल्या तीन हंगामांत? तिन्ही वेळा दुसरा नंबर. म्हणजे नऊ वर्षं हा क्लब दुसऱ्या नंबराच्या खाली गेलाच नाही.

आता मला सांगा, नऊ वर्षं रोज सकाळी वेळेवर येणाऱ्या चमत्काराला काय म्हणतात? त्याला पद्धत म्हणतात राव.

पद्धत काय होती? साधी होती. खेळाडू बहुतेक त्याच शहरातले, त्याच किनाऱ्यावरचे. लहानपणापासून एकमेकांबरोबर खेळलेले. प्रशिक्षक दोन, दोघेही गावचेच. सहापैकी चार विजेतेपदं अहमत सुआत ओझयाझजी यांची, दोन ओझकान सुमेर यांची. एक गेला तरी दुसरा तेच काम पुढे चालवायचा, कारण काम माणसात नाही, गावात मुरलेलं होतं. खेळ देखणा वगैरे नव्हता. बचाव असा की समोरच्याने डोकं आपटावं. गोलकीपर शेनोल गुनेश, तोही त्राब्झोनचा. १९७८-७९ च्या हंगामात त्याने लीगमध्ये सलग हजारावर मिनिटं गोल खाल्ला नाही. नव्वदने भागून बघा, किती सामने झाले ते. हाच माणूस पुढे तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि २००२ च्या विश्वचषकात त्याने संघाला तिसऱ्या क्रमांकावर नेलं.

शहराची वस्ती तेव्हा लाखभराच्या आसपास. २० ऑक्टोबर १९७६ ला युरोपियन कपमध्ये लिव्हरपूल त्राब्झोनला आलं. जेमिल उस्ताने पेनल्टीवर गोल केला आणि लिव्हरपूल १-० हरून परत गेलं. दोन आठवड्यांनी आपल्या मैदानावर त्यांनी ३-० ने परतफेड केली आणि त्या हंगामाचा तो कपही शेवटी लिव्हरपूलनेच जिंकला. त्राब्झोनमध्ये आजही तो १-० सांगतात. सांगावाच. पण ०-३ सुद्धा सांगावा, कारण आपली पद्धत कुठवर पुरते आणि कुठे कमी पडते हे त्या दोन आकड्यांतच कळतं.

'चमत्कार' म्हणणाऱ्यांवर माझा राग यासाठी आहे. चमत्कार म्हटलं की ओझयाझजी आणि सुमेर यांची मेहनत पुसली जाते, जुनं वैर गिळून एका क्लबात आलेली माणसं पुसली जातात. उरतो फक्त पियानो. आणि चमत्काराची सगळ्यात मोठी गैरसोय ही, की तो पुन्हा करता येत नाही. पद्धत पुन्हा करता येते, जर तुम्ही ती लिहून ठेवली असेल तर.

आता चोरी.

१९८४ नंतर त्राब्झोनस्पोर ३८ वर्षं विजेता झाला नाही. अडतीस! त्या काळात एक पिढी जन्मली, लग्न करून मोकळी झाली, त्यांची पोरं कॉलेजात गेली.

जवळ पोचले नाहीत असं नाही. १९९५-९६ ला तर हातात होता. ५ मे १९९६, स्वतःचं मैदान, समोर फेनरबाचे. त्राब्झोनस्पोर १-० ने पुढे. मग १-१, मग १-२. लीग गेली. त्यानंतर एका तरुण चाहत्याने जीव दिला. हे वाक्य लिहिताना मी थांबलो होतो, ठेवावं की नाही म्हणून. ठेवलं, कारण 'फुटबॉल म्हणजे फक्त खेळ' असं म्हणणाऱ्यांना त्या शहरात तो किती खोल गेलाय हे कळावं. आणि त्या शहराला आपला पराभव नीट समजून घ्यायची केवढी गरज होती हेही.

मग २०१०-११. फेनरबाचे आणि त्राब्झोनस्पोर दोघांचे ८२ गुण. आपसातल्या सामन्यांच्या हिशोबावर विजेता फेनरबाचे. आणि ३ जुलै २०११ ला पोलिसांनी मॅच फिक्सिंगच्या तपासात धाडी घातल्या. फेनरबाचेचे अध्यक्ष अझीझ यिल्दिरिम यांना अटक झाली. (माझ्या मित्राचा तो सोमवार म्हणजे ४ जुलै.) फेनरबाचेला त्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमधून बाहेर ठेवलं गेलं आणि त्यांच्या जागी त्राब्झोनस्पोर गेला. १४ सप्टेंबरला त्यांनी थेट मिलानमध्ये इंटरला १-० हरवलं. २०१२ ला यिल्दिरिम यांना शिक्षा झाली. २०१३ ला युएफाने फेनरबाचेवर युरोपबंदी घातली आणि क्रीडा लवादाने ती कायम केली. पण तुर्की महासंघाने विजेतेपद काढून घेतलं नाही. २०१५ ला फेरसुनावणीत यिल्दिरिम आणि इतर निर्दोष सुटले, आणि मूळ तपासच पोलिसांतल्या एका गटाने रचलेला डाव होता ही बाजू वर आली. त्राब्झोनस्पोरने फिफा, युएफा, लवाद, सगळे दरवाजे ठोठावले. कप मिळाला नाही.

मी न्यायाधीश नाही. एवढा गुंतागुंतीचा खटला एका वीकेंड पोस्टमध्ये निकालात काढणारा माणूस खोटारडा असतो. त्राब्झोनच्या माणसाला २०११ चा राग येणं मला शंभर टक्के कळतं. एका कोर्टाने एक सांगायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि कप कपाटात तिसऱ्याच्या. रागावायला आणखी काय हवं?

शिवाय मैदान सपाट नाही हेही खरं. २०२५ पर्यंत तुर्कस्तानची लीग फक्त सहा क्लब्जनी जिंकली आहे, त्यातले चार इस्तंबूलचे. उरलेले दोन म्हणजे त्राब्झोनस्पोर आणि २०१० चा बुर्सास्पोर. टीव्हीच्या पैशातला एक वाटा बराच काळ जुन्या विजेतेपदांच्या संख्येवर वाटला जायचा. म्हणजे जो जास्त जिंकला त्याला जास्त पैसे, म्हणून तो आणखी जिंकणार. ही तक्रार खरीच आहे, मीही करेन.

पण. आणि हा 'पण' मोठा आहे.

२०११ च्या आधी २७ वर्षं होती. ती कुणी चोरली?

आणि २०२०? त्या हंगामात त्राब्झोनस्पोर लीगमध्ये दुसरा आला आणि तुर्की कप जिंकला. युरोपचं दार उघडं होतं. पण युएफाने एका हंगामासाठी बंदी घातली आणि लवादानेही ती उचलून धरली. कारण? पंच? इस्तंबूल? कारस्थान? नाही. क्लबने आर्थिक शिस्तीचे नियम पाळले नव्हते. मिळकतीपेक्षा खर्च जास्त. महागडे खेळाडू, कर्ज, कर्ज फेडायला नवं कर्ज. ज्या क्लबने शेजारपाजारच्या पोरांवर इस्तंबूलला लोळवलं, तो क्लब इस्तंबूलसारखा खर्च करायला गेला, आणि तेही इस्तंबूलएवढी मिळकत नसताना. हे घरचं काम होतं. याला चोरी म्हणता येत नाही, म्हणून याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

चोरीचा शब्द एकदा तोंडात बसला की काय होतं तेही बघा. २८ ऑक्टोबर २०१५, गाझियानतेपस्पोरबरोबर बरोबरी, पेनल्टी दिली नाही म्हणून संताप. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष इब्राहिम हाजीओस्मानोलू यांनी हुकूम सोडला की पंचांना स्टेडियमबाहेर सोडायचं नाही. काही तास पंच आत अडकून! शेवटी देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा फोन आला तेव्हा सुटले. हेच गृहस्थ २०२४ मध्ये तुर्की फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले. मी विनोद करत नाहीये. आणि १७ मार्च २०२४ ला त्राब्झोनमध्ये फेनरबाचे ३-२ ने जिंकल्यावर प्रेक्षक मैदानात घुसले, खेळाडूंशी हाणामारी झाली, आणि क्लबला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा झाली. ज्या मैदानाची बाहेरच्यांना धास्ती वाटायची ते मैदान रिकामं! इस्तंबूलला जे पन्नास वर्षांत जमलं नाही ते आपल्याच लोकांनी करून दाखवलं.

हे वाचून तुम्हाला ऑफिस आठवलं असेल तर चूक तुमची नाही. रिलीज फसलं की आम्ही पोस्टमॉर्टेमचं डॉक्युमेंट काढतो. पहिल्या ओळीत क्लायंट, दुसऱ्या ओळीत क्लायंटचा सर्व्हर, तिसऱ्या ओळीत ऐन वेळी बदललेल्या रिक्वायरमेंट्स. तिन्ही ओळी खऱ्या असतात! म्हणूनच तर त्या एवढ्या धोकादायक. खऱ्या तक्रारीमागे लपणं खोट्यापेक्षा कितीतरी सोपं. टेस्ट लिहिल्या नव्हत्या ही चौथी ओळ कुणी लिहीतच नाही, आणि पुढचं रिलीज पुन्हा तिथेच फसतं.

"मग २०२२ चं काय?" असं कुणीतरी विचारणार. विचारा. ३० एप्रिल २०२२ ला अंतालियास्पोरशी २-२ बरोबरी करून त्राब्झोनस्पोर ३८ वर्षांनी विजेता झाला. व्हिडिओतली मैदानात घुसलेली माणसं त्याच दिवसाची. माझ्या मित्राने रात्री मेसेज केला, त्यात एकही शब्द नव्हता, नुसताच ६१. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण तो संघ बघा. प्रशिक्षक अब्दुल्ला अवजी, इस्तंबूलचे. मधल्या फळीत स्लोव्हाकियाचा मारेक हामशिक आणि ग्रीसचा बाकासेतास, पुढे नायजेरियाचा न्वाकाएमे आणि डेन्मार्कचा कॉर्नेलियस. सगळे उत्तम खेळाडू, आणि बाहेरच्या माणसांवर माझा काडीचा आक्षेप नाही (मी स्वतः कलोनमध्ये बाहेरचाच होतो). आक्षेप आहे तो '१९७६ परत आलं' म्हणण्यावर. नाही आलं. १९७६ पासून नऊ हंगाम तोच दर्जा राहिला. २०२२ नंतर वर्षभरात अवजी गेले आणि संघ विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर पडला. एक होती पद्धत, दुसरी होती खरेदी. खरेदी कधी कधी जमून जाते, त्यात वाईट काही नाही. फक्त तिचा हप्ता पुढे भरावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "आता जग बदललंय, गावच्या पोरांवर लीग जिंकता येत नाही." मान्य. स्पेनमधला अथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क मुलुखाशी नातं असलेले खेळाडू घेतो. त्यांनी स्पॅनिश लीग शेवटची कधी जिंकली माहीत आहे? १९८४. त्राब्झोनस्पोरच्या जुन्या जमान्यातलं शेवटचं विजेतेपद त्याच वर्षीचं. तेव्हा गावची पोरं खेळवा आणि लीग जिंका असलं स्वस्त औषध मी विकत नाहीये. पण बिल्बाओने काय निवडलं हे त्यांना माहीत आहे, आणि त्याची किंमत ते स्वतः मोजतात. ते कधी खालच्या लीगमध्ये घसरले नाहीत, आणि २०२४ ला चाळीस वर्षांनी स्पेनचा कप जिंकले. त्राब्झोनस्पोरला मात्र दोन्ही हवं असतं. भाषणात गावची पोरं आणि बाजारात महागडी नावं. आणि दोन्ही फसलं की चोरी.

आता शेवटचं, आणि ही पोस्ट लिहायचं खरं कारण.

२०२५ च्या वसंतात त्राब्झोनस्पोरच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलांनी युएफा युथ लीगमध्ये युव्हेंटसला काढलं, इंटरला काढलं, आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे बार्सिलोनाने त्यांना ४-१ हरवलं. पण इंटरच्या सामन्याला त्राब्झोनमध्ये किती लोक आले होते? जवळजवळ चाळीस हजार. पोरांच्या सामन्याला! ज्यांची नावं महिनाभरापूर्वी शेजाऱ्यांनाही माहीत नव्हती अशा मुलांना बघायला. म्हणजे शहर तेच आहे. १९७६ चं जे भांडवल होतं ते चोरीला गेलेलं नाही, तिथेच समुद्राकाठी पडून आहे.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, २०२२ च्या विजेत्या संघाचा कप्तान, क्लबच्याच अकादमीतून वर आलेला गोलकीपर उरजान चाकर विकला गेला. कुठे? गलातासरायला. इस्तंबूल.

या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवा. त्या युथ लीगच्या मुलांचं पुढच्या पाच वर्षांत काय होतं यावर त्राब्झोनस्पोरच्या इतिहासाचं पुढचं पान ठरणार आहे. ती मुलं एकत्र राहिली, एकत्र हरली, शिकली, तर लीग जिंको न जिंको, १९६७ ला भांडणं मिटवून बसलेल्या त्या माणसांचं काम पुढे गेलं. कर्जाचा हप्ता भरायला एकेक करून विकली गेली, तर दहा वर्षांनी पुन्हा कुणीतरी म्हणेल की इस्तंबूलने आमची पोरं चोरली. तेव्हा विक्रीच्या कागदावर सही कुणाची होती तेवढं बघा.

असो. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर तो व्हिडिओ लावणारच आहे. मी हात वर करून विचारणार आहे की १९७६ नंतरच्या आठ वर्षांचं काय. अप्रेझल जवळ आलंय, तेव्हा माझ्यासाठी प्रार्थना करा. :-)

ता. क.: ही पोस्ट टाकण्याआधी कलोनच्या मित्राला फोनवर मतितार्थ सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सगळं बरोबर आहे. पण २०११ चा कप आमचाच होता." मी वाद घातला नाही. काही गोष्टी डीबग करायच्या नसतात.